किशोरवयीनांचे शालेय आरोग्यशिक्षण, रायगड किनारपट्टीतील

सु. १० ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींना शाळेच्या द्वारे दिले जाणारे आरोग्य, पोषण व जीवनकौशल्ये यांविषयीचे शिक्षण, आणि त्यास जोडून शाळेत पुरविल्या जाणाऱ्या वैद्यकीय तपासणी, आहार, औषधे इ. सेवा, यांचा समावेश शालेय आरोग्यशिक्षणात होतो. जागतिक आरोग्य संघटनेने १० ते १९ हा वयोगट किशोरावस्थेचा मानला आहे. या अवस्थेत शरीराची वाढ अतिशय वेगाने होते. प्रौढ वयातील वजनाचा जवळजवळ निम्मा भाग याच काळात मिळविला जातो. मुलींना ऋतुप्राप्ती होते व मासिक रक्तस्रावामुळे त्यांची लोहाची गरज वाढते. आहार, श्रम, व्यसने, विवाह यांविषयीच्या पुढील आयुष्यभर टिकणाऱ्या सवयी व निर्णय यांचा पायाही याच वयात घातला जातो. त्यामुळे शाळा हे या वयोगटापर्यंत पोहोचण्याचे सर्वांत सोयीचे ठिकाण ठरते. मात्र शाळा सुटलेली मुले या योजनेबाहेर राहतात. हा या विषयाच्या इतिहासातील मुख्य प्रश्न असून रायगड किनाऱ्यावर तो विशेष ठळकपणे दिसून येतो.

प्रदेश व लोकजीवन : पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याचे १ जानेवारी १९८१ रोजी रायगड असे नामांतर झाले. उरण, अलिबाग, मुरूड व श्रीवर्धन हे तालुके समुद्राला लागून असून पनवेल, पेण, रोहा, म्हसळा, महाड इ. तालुक्यांत खाड्या दूरवर शिरल्या आहेत. मुरूड, श्रीवर्धन व म्हसळा हा भाग जंजिरा संस्थानात मोडत असे; १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाल्यावर तो कुलाबा जिल्ह्यास जोडण्यात आला. कोळी, आगरी, भंडारी, कुणबी, मुस्लिम, कातकरी व ठाकर हे येथील प्रमुख समाज होत. भात व मासे हा किनाऱ्यावरील मुख्य आहार, तर डोंगरउतारावर नाचणी व वरी ही पिके घेतली जातात. वालाचे पीकही या जिल्ह्यात महत्त्वाचे आहे. पावसाळ्यात मासेमारी बंद असते. तेव्हा सुकट, जवळा, बोंबील अशी सुकी मासळी उपयोगी पडते. पाऊस दोन हजार मिमी.हून अधिक पडत असला, तरी तो वाहून जातो आणि उन्हाळ्यात अनेक वाड्यांना पाण्यासाठी दूर जावे लागते. हे पाणी आणण्याचे काम बव्हंशी स्त्रिया व मुली यांच्याकडे असते, ही गोष्ट मुलींच्या शाळेतील उपस्थितीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : प्राथमिक शिक्षणात आरोग्याला स्थान असावे, हा विचार महाराष्ट्रात जुना आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात ग्रामीण शाळांच्या अभ्यासक्रमात वाचन, लेखन व हिशेब यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि नीती व आरोग्य यांविषयीचे काही पाठ असावेत, अशी मागणी केली होती. भारतात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी प्रथम १९०९ मध्ये बडोदे शहरात झाली. तत्पूर्वीच, १९०६ मध्ये, बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले होते. मुले सक्तीने शाळेत आणावयाची, तर त्यांच्या प्रकृतीची जबाबदारीही काही प्रमाणात शाळेवर येते, हे तत्त्व इंग्लंडमध्येही त्याच सुमारास मान्य झाले होते. तेथे १९०६ मध्ये शालेय भोजनाचा व १९०७ मध्ये वैद्यकीय तपासणीचा कायदा करण्यात आला. मुंबई इलाख्यात १९१८ व १९२३ च्या कायद्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची तरतूद झाली. परंतु तीस जोडून आरोग्यसेवा उभी राहिली नाही.

आरोग्यसेवा व शिक्षण यांचा लाभ सर्वांना समान मिळावा, हा प्रश्न कुलाबा जिल्ह्यातच ऐरणीवर आला. सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात मांडलेला ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये त्यास अनुसरून ठराव केला. तथापि तो अमलात आला नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला. शाळा, पाणी व दवाखाना ही एकाच हक्काची तीन अंगे होत, हे त्या ठरावाने व सत्याग्रहाने स्पष्ट केले. स्वच्छतेचा पाठ शिकविणाऱ्या शाळेतील प्रत्येक मुलास स्वच्छ पाणी घेण्याची मुभा नसेल, तर तो पाठ निरर्थक ठरतो, हे त्यातून निघणारे अनुमान आजही लागू पडते.

वयात येणाऱ्या मुलामुलींना शरीरविषयक शास्त्रीय माहिती देण्याचा प्रश्न मराठीत प्रथम निर्भीडपणे मांडला, तो र. धों. कर्वे यांनी. त्यांचे समाजस्वास्थ्य हे मासिक जुलै १९२७ मध्ये सुरू झाले व १९५३ मध्ये त्यांच्या निधनापर्यंत चालले. या लेखनाबद्दल त्यांना न्यायालयीन खटल्यांस तोंड द्यावे लागले. शाळांनी मात्र हा विषय दीर्घकाळ दूरच ठेवला. १९३७ मध्ये वर्धा येथे मांडल्या गेलेल्या मूलोद्योग शिक्षणपद्धतीत सफाई, आरोग्य व आहार यांना दैनंदिन कार्यक्रमात स्थान होते. परंतु तिचा प्रसार मर्यादितच राहिला.

स्वातंत्र्योत्तर काल : भोर समितीने १९४६ मध्ये सादर केलेल्या अहवालात भारतात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नाहीच, असा निष्कर्ष नोंदविला. माध्यमिक शिक्षण आयोगाने (१९५२–५३) तपासणी व शालेय आहार यांची शिफारस केली. केंद्र शासनाने १९६० मध्ये रेणुका रे यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्य समिती नेमली. तिचा अहवाल १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शाळा व प्राथमिक आरोग्य केंद्रे या दोन्ही एकाच स्थानिक संस्थेच्या कक्षेत आल्या. शिक्षक व आरोग्य कर्मचारी यांना एकत्र काम करण्यास ही रचना अनुकूल होती. लसीकरण, देवीची टोचणी, हिवतापाची पाहणी इ. कामांत शिक्षकांचे साहाय्य घेतले जाऊ लागले. माध्यमिक शाळांचा प्रसार जिल्ह्यात कोकण एज्युकेशन सोसायटी, रयत शिक्षण संस्था इ. खाजगी संस्थांनी केला व त्यामुळे चौदा वर्षांपुढील मुले प्रथमच मोठ्या संख्येने शाळेत राहू लागली. आदिवासी मुलांसाठी आश्रमशाळा निघाल्या. जिल्ह्यातील शासकीय आश्रमशाळा पेण येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या अखत्यारीत येतात.

तपासणीची पद्धत दीर्घकाळ वर्षातून एकदा वजन, उंची, दात व डोळे पाहून कार्डावर नोंद करण्यापुरती होती. दोष आढळल्यावर पुढील उपचार कोणी व कोठे करावयाचे, याची व्यवस्था क्वचितच असे. ही उणीव दूर करण्यासाठी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात जन्मजात व्यंगे, कमतरतेचे विकार, बालपणीचे आजार व विकासातील विलंब अशा चार गटांतील ३० व्याधींसाठी १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी फिरत्या पथकांद्वारे केली जाते आणि शस्त्रक्रियेसह पुढील उपचारांची सोय केली जाते. शासकीय व अनुदानित शाळांना ही पथके वर्षातून एकदा भेट देतात.

शालेय आहार व पोषणशिक्षण : भारतातील शालेय भोजनाचा आरंभ १९२५ मध्ये मद्रास महापालिकेच्या शाळांत झाला, असे मानले जाते. केंद्र शासनाची राष्ट्रव्यापी योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. प्रारंभी महाराष्ट्रात मुलांना दरमहा तीन किग्रॅ. तांदूळ घरी दिला जाई. हा तांदूळ घरातील सर्वांच्या वाट्याला जात असल्याने मुलाच्या पोषणात त्याने किती भर पडली, हे सांगता येत नसे. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला व त्यानंतर राज्यातील शाळांत खिचडी शिजू लागली. २००८–०९ पासून आठवीपर्यंतचे सर्व वर्ग योजनेत आले. प्राथमिक वर्गांसाठी ४५० कॅलरी व १२ ग्रॅ. प्रथिन, तर उच्च प्राथमिक वर्गांसाठी ७०० कॅलरी व २० ग्रॅ. प्रथिन हे प्रमाण ठरविण्यात आले. २०२१ मध्ये योजनेचे नाव ‘प्रधानमंत्री पोषण’ असे करण्यात आले.

किशोरवयीनांच्या दृष्टीने या योजनेतील मोठी उणीव अशी, की आठवीनंतर ती थांबते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदाही (२००९) ६ ते १४ याच वयोगटास लागू आहे. अर्थात चौदाव्या वर्षी मोफत शिक्षणाची हमी व दुपारचे भोजन ही दोन्ही संरक्षणे एकाच वेळी संपतात. मुलीच्या शरीराची लोहाची गरज मात्र त्याच सुमारास वाढलेली असते. किनाऱ्यावरील अनेक गावांत सातवी-आठवीपर्यंतची शाळा गावात असते, तर माध्यमिक शाळेसाठी चालत वा एस.टी.ने दुसऱ्या गावी जावे लागते. सकाळी घाईने चहा व बटर वा पाव खाऊन निघालेल्या मुलीस दुपारपर्यंत दुसरे काही मिळतेच, असे नाही.

रक्तक्षय (पांडुरोग) हा या वयोगटातील सर्वांत व्यापक विकार होय. १२ वर्षांवरील मुलींत रक्तातील हीमोग्लोबिन १०० मिलि.मध्ये १२ ग्रॅ.हून कमी असल्यास रक्तक्षय मानला जातो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) भारतातील १५ ते १९ वर्षांच्या ५९.१% मुली व ३१.१% मुलगे रक्तक्षयी होते. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांत हे प्रमाण ५४.२% आढळले. आहारात लोह कमी असणे हे त्याचे मुख्य कारण. कोकणातील उष्ण व ओलसर मातीत अनवाणी चालल्याने होणारा अंकुशकृमींचा उपद्रव हे त्यास पूरक कारण होय. साप्ताहिक लोह व फॉलिक अम्ल पूरक योजना २०१२–१३ मध्ये सुरू झाली. सहावी ते बारावीच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा जेवणानंतर निळी गोळी शिक्षकांसमक्ष दिली जाते व वर्षातून दोनदा जंतनाशक औषध दिले जाते. आरंभी गोळीत १०० मिग्रॅ. लोह असे, २०१८ पासून ते ६० मिग्रॅ. करण्यात आले. रिकाम्या पोटी गोळी घेतल्यास मळमळ होते आणि एका वर्गातील दोन-तीन मुलींना असा त्रास झाला, की इतर मुली गोळी घेण्याचे टाळतात. म्हणून गोळीपूर्वी खाणे का आवश्यक, हे समजावून सांगणे हा उपचाराचाच भाग ठरतो.

पोषणशिक्षण स्थानिक अन्नाशी जोडले, तरच ते टिकते. १०० ग्रॅ. नाचणीत सु. ३५० मिग्रॅ. कॅल्शियम असते, तर तेवढ्याच सडलेल्या तांदळात ते १० मिग्रॅ.च्या आसपास असते. हाडांसकट खाल्ल्या जाणाऱ्या लहान माशांपासूनही कॅल्शियम व प्रथिने विपुल मिळतात. आवळा, पेरू वा लिंबू जेवणात असल्यास धान्यातील लोह अधिक शोषले जाते; जेवणासोबत घेतलेल्या चहाने ते शोषण घटते. १९६० नंतर आंतरराष्ट्रीय संघटनांच्या साहाय्याने भारतात राबविलेल्या उपयोजित पोषण कार्यक्रमात शाळेच्या परसबागेवर भर होता. शेवगा, आळू, माठ, पपई यांची लागवड हे त्याचे सोपे रूप. न्हावा-शेवा येथील बंदर (१९८९), थळ व नागोठणे येथील कारखाने आणि मुंबईचे सान्निध्य यांमुळे रोख पैसा व तयार खाद्यपदार्थ गावोगावी पोहोचले. नाचणीची भाकरी ही गरिबीची खूण मानली जाऊ लागली आणि वेष्टनातील खाऊस प्रतिष्ठा आली. एकाच वर्गात हडकुळी व स्थूल अशी दोन्ही मुले आढळावीत, ही स्थिती त्यातून निर्माण झाली आहे.

स्थानिक धोके व आरोग्यशिक्षण : कोकणात लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी अनेक मुले दगावत. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ पासून अशा रुग्णांची बारकाईने निरीक्षणे केली. ती १९८२ मध्ये लॅन्सेट या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. रक्तदाबावरील प्राझोसीन हे औषध वेळेवर दिल्यास हृदय व फुप्फुस यांवरील विषाचा परिणाम रोखता येतो, असे त्यांनी दाखविले व मृत्यूंचे प्रमाण फारच घटले. तथापि औषध उपलब्ध असूनही दंश झालेले मूल मंत्र-तोडग्यात वेळ न घालविता केंद्रात पोहोचावे लागते. गवताच्या भाऱ्यात वा दगडांच्या सांदीत उघडा हात न घालणे, पादत्राण झटकून घालणे, दंशानंतर त्वरित दवाखाना गाठणे, या गोष्टी घरी सर्वांत प्रभावीपणे सांगणारे माणूस म्हणजे शाळेत जाणारा मुलगा वा मुलगी. उपचारशास्त्र व आरोग्यशिक्षण परस्परांवर किती अवलंबून असतात, याचे हे बोलके उदाहरण होय. सर्पदंश, खाडीत व विहिरीत बुडणे, पूर व दरडी यांनाही हेच लागू पडते. ३ जून २०२० रोजी याच किनाऱ्यावर आदळलेल्या निसर्ग चक्रीवादळाने घरे, बागा व शाळांची छपरे उद्‌ध्वस्त केली; जुलै २०२१ मध्ये महाड परिसरात महापूर आला व तळिये येथे दरड कोसळली. अशा आपत्तींत स्वतःस व इतरांस सावरणे हे किनाऱ्यावरील मुलांच्या बाबतीत जीवनकौशल्याचाच भाग ठरते. मिश्री व तंबाखू यांचे व्यसनही या वयातच जडते. शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस २००३ च्या कायद्याने बंदी असून राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. प्रत्यक्ष पालन मात्र शाळा व ग्रामस्थ यांच्या दक्षतेवर अवलंबून असते.

जीवनकौशल्ये : जागतिक आरोग्य संघटनेने १९९० नंतरच्या दशकात निर्णयक्षमता, समस्या-निराकरण, सर्जनशील व चिकित्सक विचार, परिणामकारक संवाद, परस्परसंबंध, स्वत्वाची जाणीव, सहानुभाव आणि भावना व ताण यांचे नियमन अशी दहा मूलभूत जीवनकौशल्ये सांगितली. केवळ माहिती मिळाल्याने वर्तन बदलत नाही. तंबाखू घातक असल्याचे माहीत असलेल्या मुलासही मित्राला ‘नाही’ म्हणता यावे लागते, ही त्यामागील भूमिका होय. भारतात २००५ मध्ये किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्यातील लैंगिक शिक्षणाच्या भागास २००७ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत तीव्र विरोध झाला व तो शाळांतून थांबविण्यात आला. चित्रे व भाषा अनुचित आहेत, असे विरोधकांचे म्हणणे होते. अज्ञानामुळेच मुले धोक्यात येतात, असे समर्थकांचे प्रतिपादन होते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग यांनी ‘तारुण्यभान’ या शिबिरांद्वारे हा विषय संयत मराठीत, मुलामुलींच्या प्रश्नांना उत्तरे देत मांडला. विरोध विषयास होता की मांडणीस, याचे काही उत्तर त्या अनुभवातून मिळते.

पुढे २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आणि २०२० मध्ये शालेय आरोग्य व स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाले. दुसऱ्या कार्यक्रमानुसार प्रत्येक शाळेतील एक शिक्षक व एक शिक्षिका यांना प्रशिक्षण देऊन दर आठवड्यास एक तास घेण्याची योजना आहे. मासिक पाळीतील स्वच्छतेसाठी राज्य शासनाने ८ मार्च २०१८ रोजी ‘अस्मिता’ योजना सुरू करून जिल्हा परिषद शाळांतील मुलींना आठ पट्ट्यांचे पाकीट पाच रुपयांस देण्याची व्यवस्था केली. तथापि पाणी असलेले, आतून कडी लागणारे स्वच्छतागृह शाळेत नसल्यास अशा योजनांचा लाभ अपुरा राहतो.

शाळेबाहेरची मुले : कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्या व कोळसाभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. शाळेचे मुख्य सत्र याच महिन्यांत येते. त्यामुळे तपासणीचे पथक, सोमवारची गोळी, दुपारची खिचडी व जीवनकौशल्याचा तास, या चारही गोष्टी ज्यांना सर्वांत जास्त हव्यात, त्याच मुलांच्या वाट्याला त्या येत नाहीत. हंगामी वसतिगृहे हा यावरील एक उपाय आहे. मात्र आईवडील मोठ्या मुलीस धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी सोबत नेतात, तेथे तो अपुरा पडतो. शाळा सुटणे व लवकर विवाह यांचाही निकटचा संबंध आहे. २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी १८ वर्षांपूर्वी विवाह झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २०१५–१६ मध्ये २६.३%, तर २०१९–२१ मध्ये २१.९% होते. मराठवाड्यात पाचोड येथील आरोग्य व्यवस्थापन संस्थेने अविवाहित मुलींसाठी, शाळा सुटलेल्यांसह, वर्षभराचे जीवनकौशल्य वर्ग गावातच घेतले. त्या भागात मुलींचे विवाहाचे मध्यक वय सोळावरून सतरावर गेले. एका वर्षाची ही वाढ लहान दिसत असली, तरी त्या वयात ती पहिल्या बाळंतपणाच्या धोक्याच्या दृष्टीने मोलाची असते. शाळेबाहेरील मुलींपर्यंतही हे शिक्षण नेता येते, हे त्यावरून दिसून येते.

मूल्यमापन : शालेय आरोग्यशिक्षणाची शंभराहून अधिक वर्षांची वाटचाल तपासणीकडून उपचाराकडे, आहाराकडे व शेवटी कौशल्यांकडे झाली आहे. योजनांची संख्या वाढली. परंतु त्या निरनिराळ्या खात्यांमार्फत येत असल्याने एकाच शिक्षकास अनेक नोंदवह्या भराव्या लागतात व शिकविण्यास वेळ कमी उरतो. रायगड किनाऱ्याच्या अनुभवावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात : पोषणाचे शिक्षण स्थानिक अन्नातूनच दिले पाहिजे, भोजन व शिक्षण यांची हमी चौदाव्या वर्षी थांबता कामा नये, आणि शाळेचे वेळापत्रक हंगामी स्थलांतराशी जुळविले पाहिजे. यांपैकी पहिली गोष्ट शिक्षकांच्या हाती आहे. उरलेल्या दोन शासन व समाज यांच्या निर्णयावर अवलंबून आहेत.